नांदगावच्या महंतांची तिकिटे

भिलाई हे नाव उच्चारले की डोळ्यांपुढे उभे राहते ते पोलाद. १९५५ साली सोव्हिएट संघाशी करार झाला, १९५९ च्या फेब्रुवारी महिन्यात राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली, आणि छत्तीसगडच्या भाताच्या शेतांतून एक प्रचंड औद्योगिक नगर उभे राहिले. खुर्सीपार हा आज त्या नगराचाच एक भाग आहे. नागपूरहून रायपूरकडे जाणारा जुना हमरस्ता आणि त्याच्या सोबतीने धावणारा लोहमार्ग या दोहोंच्या आधाराने ही सारी वस्ती वसलेली आहे. त्या रस्त्याने पश्चिमेस निघाले की आधी दुर्ग लागते आणि चाळीसेक किलोमीटरांवर राजनांदगाव येते. तासाभराचा हा प्रवास. वाटेत कोठे हद्द नाही, की आपण एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जात आहोत असे सांगणारी खूण नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात मात्र येथे एक हद्द होती. दुर्ग तहसील तेव्हा इंग्रजी अमलाखालील रायपूर जिल्ह्यात मोडत असे. दुर्गचा स्वतंत्र जिल्हा झाला तो १९०६ मध्ये. पलीकडे नांदगावचे संस्थान होते, आणि त्याचे अधिपती होते वैष्णव बैरागी परंपरेतील महंत. या हद्दीच्या अलीकडे पत्रावर लागत असे ते विक्टोरिया राणीच्या मुखवट्याचे तिकीट. पलीकडे काही काळ, चारएक वर्षांपुरते, महंतांचे स्वतःचे तिकीट चालत होते. जगातील तिकीट-संग्राहकांच्या सूचीत नांदगावचे नाव आजही आढळते ते त्या चार वर्षांच्या पुण्याईवर. परंतु या तिकिटांच्या कहाणीत संग्राहकांच्या हौसेपलीकडचा एक प्रश्न दडलेला आहे. एखाद्या सत्तेने कागदाच्या चिटोऱ्यावर आपले नाव छापले, एवढ्याने टपाल सुरू झाले असे म्हणता येईल काय? की ते चिटोरे लावून कोणा माणसाने कोणा माणसाला खरोखर पत्र धाडले, याचा पुरावा हाती यावा लागतो?

हा प्रश्न नीट समजण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे.

मराठी राज्यात बातमी आणि कागद पोहोचविण्याचे काम जासूद, काशीद आणि हरकारे करीत. १७५८ मध्ये बिंबाजी भोसले रतनपुरास आले आणि छत्तीसगडचा कारभार नागपूरकर भोसल्यांच्या घराण्याशी जोडला गेला. तेव्हापासून नागपूर आणि छत्तीसगड यांच्या दरम्यान सरकारी लखोट्यांची ये-जा असे. पण ती व्यवस्था दरबाराची होती. सामान्य रयतेने चार ओळी लिहून दूरच्या आप्तास धाडाव्यात, आणि त्याचा दर ठरलेला असावा, ही कल्पनाच त्या काळी रुजलेली नव्हती. सावकार व व्यापारी आपापली माणसे पाठवीत. इतर लोक यात्रेकरूंच्या हाती निरोप देत.

१८५४ हे वर्ष या प्रदेशाच्या इतिहासात दोन कारणांनी ध्यानात ठेवण्याजोगे आहे. तिसरे रघूजी भोसले १८५३ च्या डिसेंबरात निपुत्रिक वारले आणि पुढच्याच वर्षी डलहौसीने नागपूरचे राज्य खालसा केले; त्याबरोबर छत्तीसगडही इंग्रजी अमलाखाली गेले. त्याच वर्षाच्या १ ऑक्टोबरपासून त्याच डलहौसीच्या कारकिर्दीत साऱ्या हिंदुस्थानासाठी टपालाची तिकिटे सुरू झाली. पाव तोळा वजनाच्या पत्राला अर्धा आणा पडे, मग अंतर कितीही असो. एका हाताने राज्य घेतले आणि दुसऱ्या हाताने अर्ध्या आण्याचे तिकीट दिले, असा हा योगायोग आहे. पहिल्याचा सल नागपुरात दीर्घकाळ राहिला. दुसऱ्याचे महत्त्व मात्र पुष्कळांच्या ध्यानात आले नाही, कारण त्याचा परिणाम हळूहळू, एकेका पत्राने होत गेला.

त्याआधी दोन वर्षे, १ जुलै १८५२ रोजी, सिंध प्रांतात एक प्रयोग झाला होता. तेथील कमिशनर बार्टल फ्रिअर यांनी ‘सिंध डाक’ या नावाची अर्ध्या आण्याची तिकिटे काढली. आशिया खंडातील ही पहिली चिकटवायची तिकिटे होत. हे फ्रिअर त्यापूर्वी साताऱ्यास रेसिडेंट होते, आणि सातारचे राज्य खालसा झाले ते त्यांच्याच डोळ्यांदेखत. पुढे ते मुंबई इलाख्याचे गव्हर्नर झाले. लाल लाखेवर उठविलेले सिंध डाकेचे तिकीट इतके ठिसूळ होते की हाताळताना त्याचे तुकडे पडत. त्यानंतर पांढऱ्या कागदावरील ठशाचे व निळ्या रंगाचे अशी तिकिटे निघाली. आज लाखेचे शाबूत तिकीट मिळणे हे दुर्मीळांतले दुर्मीळ मानले जाते. पण अभ्यासक त्याहूनही अधिक जपतो ते तिकीट चिकटविलेले, शिक्का मारलेले, पत्ता लिहिलेले पाकीट. त्यामागील कारण पुढे येईलच.

इंग्रज सरकारचे टपाल सर्वत्र पोहोचले असे मात्र नव्हे. जेथे फौज, कचेऱ्या आणि व्यापार, तेथे ते आधी गेले. आडवाटेच्या मुलखात जमीनदारांवर पट्टी बसवून ‘जिल्हा डाक’ चालविली जाई. ती व्यवस्था १९०६ पर्यंत टिकून होती. देशी संस्थानांची गोष्ट याहून निराळी. आपल्या हद्दीत आपले टपाल चालविण्याचा हक्क कित्येक संस्थानिक सांगत. काहींनी इंग्रज सरकारशी करार केले. पतियाळाने १८८४ मध्ये, ग्वाल्हेरच्या शिंद्यांनी १८८५ मध्ये. या करारांनुसार सरकारी तिकिटांवरच संस्थानाचे नाव छापून ती वापरली जात. अशी करारबद्ध संस्थाने सहा होती. ज्यांनी करार न करता आपलीच तिकिटे काढली, त्यांची संख्या पस्तीसच्या आसपास भरते.

या दुसऱ्या वर्गात मराठी संस्थाने आहेत, याचे मराठी माणसास कौतुक वाटावे. पुण्याजवळच्या भोर संस्थानाने १८७९ मध्ये अर्ध्या आण्याची व एक आण्याची तिकिटे काढली. ती देशी कागदावर हाताने ठसा उठवून तयार केलेली होती. इंग्रज सरकारने पाव आण्याचे पोस्टकार्ड हिंदुस्थानात सुरू केले तेही १८७९ मध्येच, हा एक मौजेचा मेळ आहे. पुढे १९०१ मध्ये भोरचे पंत सचिव शंकरराव यांच्या चित्राचे तिकीट निघाले. इंदूरच्या होळकरांनी १८८६ मध्ये दुसऱ्या तुकोजीरावांच्या मुखवट्याचे तिकीट काढले. ते लंडनच्या वॉटरलो कंपनीकडून छापून आणलेले होते. धारच्या पवारांची तिकिटे १८९७ मधील. भोरचा हातठसा आणि इंदूरची लंडनची छपाई ही दोन टोके शेजारी ठेवून पाहिली, म्हणजे प्रत्येक संस्थानाचा आवाका, ऐपत आणि आकांक्षा एका दृष्टिक्षेपात कळून येतात.

तिकिटांच्या बाबतीत असा स्थानिकपणाचा सुकाळ जगात आणखी एका देशात झाला, आणि तो देश म्हणजे अमेरिका. तेथे राजे नव्हते, संस्थाने नव्हती. होते ते धंदेवाईक. अमेरिकन सरकारचे टपाल १८४५ पूर्वी अतिशय महाग होते. अंतर आणि कागदांची संख्या पाहून एका पत्राला सहापासून पंचवीस सेंटांपर्यंत दर पडे. शिवाय त्या दरात पत्र पोहोचे ते टपालकचेरीपर्यंत. घरोघर पत्रे वाटण्याची फुकट सोय शहरांतून झाली ती १८६३ मध्ये. हे अंतर भरून काढण्यासाठी खाजगी टपालवाले पुढे सरसावले. न्यूयॉर्क शहरात १ फेब्रुवारी १८४२ रोजी अलेक्झांडर ग्रेग याच्या ‘सिटी डिस्पॅच पोस्ट’ने वॉशिंग्टनच्या चित्राचे तीन सेंटांचे तिकीट काढले. पश्चिम गोलार्धातील हे पहिले चिकटवायचे तिकीट. अमेरिकन सरकारची सर्व देशासाठीची तिकिटे निघाली ती त्यानंतर पाच वर्षांनी, १८४७ मध्ये. ग्रेगचे टपाल सरकारने १८४२ च्याच ऑगस्टमध्ये आपल्याकडे घेतले. तथापि न्यूयॉर्कमध्ये बॉइड, फिलाडेल्फियात ब्लड अशी खाजगी टपाले पुढेही शहरांच्या आत चालू राहिली.

या अमेरिकन तिकिटांच्या मागे संग्राहक लागले ते १८६० नंतर. मागणी आली की पुरवठाही येतो. बोस्टनच्या सॅम्युएल टेलर या इसमाने स्थानिक टपालांच्या तिकिटांच्या नकला तर केल्याच, पण जी टपाले पृथ्वीच्या पाठीवर कधी अस्तित्वातच नव्हती त्यांचीही तिकिटे छापून विकली. न्यूयॉर्कच्या जॉर्ज हसी याने बंद पडलेल्या कंपन्यांच्या तिकिटांच्या नव्या प्रती काढून बाजारात आणल्या. परिणामी सुटे तिकीट पाहून ते खरे की खोटे, वापरलेले की केवळ छापलेले, हे सांगणे मोठमोठ्या जाणकारांस जड जाऊ लागले. अशा वेळी अभ्यासकांनी आधार घेतला तो पाकिटाचा. स्थानिक टपालाचे तिकीट पत्र घरापासून सरकारी कचेरीपर्यंत नेई, आणि पुढच्या प्रवासासाठी सरकारी तिकीट लागे. एकाच पाकिटावर ही दोन्ही तिकिटे, दोन्हींचे शिक्के, पाठविणाऱ्याचे गाव, घेणाऱ्याचा पत्ता आणि आत पत्र असल्यास त्यावरची तारीख, या सर्वांचा मेळ बसला म्हणजे ते स्थानिक टपाल खरोखर चालत होते हे सिद्ध होते. एकाकी तिकिटाला साक्षीदार नसतो. पाकिटावरच्या तिकिटाभोवती मात्र चार साक्षीदार उभे असतात.

हीच कसोटी आता नांदगावला लावून पाहावयाची आहे.

नांदगावच्या संस्थानाची उत्पत्ती हिंदुस्थानच्या इतिहासात काहीशी विलक्षण आहे. अठराव्या शतकात प्रल्हाददास नावाचा शालींचा एक बैरागी व्यापारी पंजाबातून रतनपुरास येऊन राहिला. त्याची गादी पुत्राकडे न जाता शिष्याकडे जाई. व्यापारातून पैसा आला, पैशातून सावकारी आली, आणि कर्जाच्या फेडीत मुलूखही येत गेला. भोसल्यांच्या छत्राखाली अशा रीतीने वाढलेल्या या जमीनदारीला इंग्रज सरकारने १८६५ मध्ये मांडलिक संस्थानाचा दर्जा दिला. तेव्हा गादीवर महंत घासीदास होते. रायपूरचे वस्तुसंग्रहालय १८७५ मध्ये त्यांच्याच औदार्याने उभे राहिले आणि ते आजही त्यांचे नाव धारण करते. घासीदासांनंतर १८८३ मध्ये त्यांचे पुत्र बलरामदास गादीवर आले. म्हणजे गुरुशिष्यपरंपरेची जागा एव्हाना पितापुत्रांनी घेतली होती. जपमाळेच्या गादीचे राजगादीत झालेले हे रूपांतर अवघ्या शंभर-सव्वाशे वर्षांतले आहे.

बलरामदासांचा काळ हा या मुलखाचा वेगाने बदलण्याचा काळ होता. नागपूरहून राजनांदगावपर्यंत आगगाडी १८८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच आली होती. १८८७ मध्ये बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी स्थापन झाली, तिने हा मार्ग रुंद करून पुढे कलकत्त्याकडे नेला, आणि हे एकेकाळचे आडगाव मुंबई-कलकत्त्याच्या मधल्या वाटेवर आले. राजनांदगावात कापडाची गिरणी उभारली गेली. तीच पुढे ‘बंगाल नागपूर कॉटन मिल’ या नावाने प्रसिद्धीस आली. रायपूर शहराला नळाचे पाणी मिळाले ते १८९२ मध्ये, बलरामदासांच्या देणगीतून. गिरणी, रेल्वे आणि नळ आणणाऱ्या या महंतराजाला आपल्या संस्थानाचे टपाल आणि आपली तिकिटे असावीत असे वाटले, यात नवल कसले?

ही तिकिटे १८९१-९२ च्या सुमारास निघाली. पहिल्या मालिकेत दोनच: अर्ध्या आण्याचे निळे आणि दोन आण्यांचे गुलाबी. ती शिळाछापावर छापलेली होती. कडांना भोके पाडलेली नव्हती. कात्रीने कापून घ्यावी लागत. १८९३ पासून दुसऱ्या धर्तीची तिकिटे निघाली. ती खिळ्यांच्या छापखान्याच्या पद्धतीने छापलेली आहेत. पुष्कळ तिकिटांवर लांबट वर्तुळात ‘एम. बी. डी.’ ही तीन इंग्रजी अक्षरे हाताने उठविलेली आढळतात. महंत बलरामदास या नावाची ही आद्याक्षरे होत. सूचीकार या शिक्क्याच्या तिकिटांची गणना संस्थानच्या सरकारी कामकाजाच्या तिकिटांत करतात. महंतपदाचा अभिमान आणि इंग्रजी आद्याक्षरांची आवड एका शिक्क्यात अशी शेजारी नांदताना पाहिली म्हणजे त्या काळाचे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते.

येथपर्यंतची कहाणी सुखाची आहे. पण पाकिटाची कसोटी लावताच चित्र पालटते. नांदगावची सुटी तिकिटे, आणि कित्येकदा न कापलेले पूर्ण तावही, संग्रहांतून आढळतात. मात्र ही तिकिटे लावून टपालातून गेलेली अशी पाकिटे जगात हाताच्या बोटांवर मोजण्याजोगीच आहेत. त्यांवरील तिकिटे रद्द केलेली आहेत ती टाकाच्या फराट्याने, आणि त्या फराट्याला तारीख नाही. शेवटची छपाई १८९४ च्या डिसेंबरात झाली व ती मोठ्या संख्येने झाली, हे उरलेल्या तावांच्या वेष्टनांवरील तारखांवरून कळते. आणि १८९५ च्या जुलैमध्ये संस्थानाचे टपाल बंद झाले. दुकान बंद होण्यास सात-आठ महिने उरलेले असताना माल भरून ठेवावा, तसा हा प्रकार दिसतो.

याचा अर्थ काय लावावा? त्या काळच्या जगाकडे पाहिले तर एक उत्तर सहज सुचते. १८९० च्या दशकात युरोप-अमेरिकेत तिकिटे जमविण्याचे वेड शिगेला पोहोचले होते. नवनवीन राज्यांची तिकिटे मिळावीत म्हणून व्यापारी दूरदूरच्या टपालकचेऱ्यांशी पत्रव्यवहार करीत. मध्य अमेरिकेतील काही प्रजासत्ताकांनी तर दरवर्षी नवी मालिका काढून उरलेला साठा छापणाऱ्याच्या स्वाधीन करण्याचा करार केला होता. अखेर या प्रकाराला आळा घालण्यासाठी लंडनमध्ये १८९५ साली, म्हणजे नांदगावचे टपाल बंद झाले त्याच वर्षी, संग्राहकांनी एक मंडळच स्थापन केले. छत्तीसगडच्या विभागातच तेव्हा मोडणाऱ्या बामरा संस्थानाने १८८८ मध्ये आपली तिकिटे काढली होती. तीही १८९४ च्या अखेरीस बंद झाली. या पार्श्वभूमीवर नांदगावचे टपाल हे परदेशी हौशी लोकांसाठी मांडलेले दुकान होते, असे कोणी म्हटले तर त्याला एकदम खोडून काढता येत नाही.

पण तेवढ्यावर निकाल देणेही न्यायाचे होणार नाही. टपालातून गेलेली पाकिटे फार थोडी उरली आहेत, याचा अर्थ ती फार थोडीच पाठविली गेली असा होत नाही. संस्थानी तिकीट हद्दीच्या आतच चाले. संस्थानाबाहेर, दुर्गला म्हणा किंवा नागपूरला म्हणा, पत्र जावयाचे तर त्याला सरकारी तिकीटच लागे. म्हणजे महंतांचे तिकीट लावलेले पत्र गेले असेल ते एका पाटलाकडून दुसऱ्या पाटलाकडे, पटवाऱ्याकडून कचेरीकडे, गिरणीच्या गावातून एखाद्या परगण्याच्या ठाण्याकडे. संस्थानाचा एकूण विस्तार अवघा ८७१ चौरस मैल, आणि त्यातले काही परगणे मुख्य मुलखापासून तुटून उत्तरेकडे पसरलेले. अशा मुलखात संस्थानी पत्राची खरी गरज होती, हे नाकारता येत नाही. ही पत्रे ज्यांच्या हाती पडली ती माणसे संग्रह करणारी नव्हती. शेतसाऱ्याचा कागद जपला जातो. खुशालीचे पत्र वाचून झाले की वळचणीला खोवले जाते, वाळवी लागते, चुलीत जाते. परदेशी व्यापाऱ्याने विकत घेतलेला कोरा ताव मात्र काचेच्या कपाटात सुरक्षित राहतो. इतिहासाचा हा दुर्दैवी न्याय आहे की जे कामाला आले ते नष्ट झाले, आणि जे कामाला आले नाही तेच टिकले.

तेव्हा नांदगावच्या बाबतीत प्रामाणिक उत्तर एवढेच देता येते: टपाल होते, तिकिटे होती, काही पत्रे नक्की गेली, पण अखेरच्या काळातील छपाई पत्रांच्या गरजेपेक्षा कितीतरी अधिक होती. यापुढचे उत्तर तिकिटांच्या पुस्तकांत सापडणारे नाही. ते एखाद्या जुन्या मालगुजाराच्या वाड्यात, वहीखात्यांच्या गाठोड्यात, पिवळ्या पडलेल्या घड्यांत असेल तर असेल.

येथे संग्राहकांच्या एका जुन्या खोडीचा उल्लेख करणे अवश्य आहे. दीर्घकाळपर्यंत तिकीट जमविणे म्हणजे पाकीट पाण्यात भिजवून, तिकीट सोडवून, वाळवून, वहीत डकविणे अशीच समजूत होती. शाळकरी मुलांनीच नव्हे, तर विद्वान म्हणविणाऱ्यांनीही ही गोष्ट केली. पाण्याच्या त्या वाटीत पत्ता विरघळला, गाव विरघळले, शिक्क्याचा अर्धा भाग पाकिटावर राहून गेला, आणि हाती आले ते रंगीत कागदाचे एक मुके शकल. हिंदुस्थानातील तिकिटांच्या अभ्यासाला शिस्त लावणारी फिलाटेलिक सोसायटी ऑफ इंडिया १८९७ मध्ये स्थापन झाली. मुंबईच्या जाल कूपर यांच्यासारख्या जाणकारांनी पुढे या विषयावर ग्रंथ लिहिले. त्यांच्यासारख्यांच्या श्रमाने दृष्टी बदलत गेली, आणि आज शहाणा संग्राहक पाकीट अखंड ठेवतो. पाकीट हाती आले की तो काही साधे प्रश्न विचारतो. हे कोठून निघाले? कोणाला लिहिलेले आहे? अंतर व वजन पाहता दर बरोबर भरला आहे काय? तिकीट कोणत्या कचेरीत व कशाने रद्द झाले? पाठीमागे पोहोचल्याचा शिक्का आहे काय? हे प्रश्न विचारणारा मनुष्य नुसता हौशी राहत नाही. तो इतिहासकाराच्या पंक्तीला बसू लागतो. न्यूयॉर्कच्या गल्लीतले पाकीट असो की भोरच्या खोऱ्यातले, प्रश्न तेच.

नांदगावच्या संस्थानाचा पुढचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. बलरामदास १८९७ मध्ये वारले. टपाल गेले, तरी संस्थान अर्धशतक टिकले आणि १ जानेवारी १९४८ रोजी छत्तीसगडच्या इतर संस्थानांबरोबर मध्यप्रांत-वऱ्हाडात विलीन झाले. १ एप्रिल १९५० रोजी देशातील संस्थानी टपालखाती भारत सरकारच्या टपालखात्यात समाविष्ट करण्यात आली. ग्वाल्हेरसारख्या करारबद्ध संस्थानांची तिकिटे त्या वर्षाच्या अखेरपर्यंत चालली आणि मग तीही संग्राहकांच्या वहीत गेली. राजनांदगावच्या राजवाड्यात महाविद्यालय आले. मराठी घरात जन्मून हिंदी काव्यात अमर झालेले गजानन माधव मुक्तिबोध यांनी आयुष्याची अखेरची वर्षे तेथेच अध्यापन केले. १९७३ मध्ये राजनांदगाव दुर्गपासून वेगळा जिल्हा झाला, आणि २००० मध्ये छत्तीसगड राज्य जन्मास आले. हद्दी बदलल्या, पुसल्या, पुन्हा आखल्या गेल्या. त्यांपैकी एका हद्दीची आठवण मात्र निळ्या आणि गुलाबी कागदाच्या इवल्या तुकड्यांनी जगभर जपून ठेवली आहे.

या साऱ्याचा आजच्या खुर्सीपारशी संबंध काय, असे कोणी विचारील. भिलाईत पोलादाच्या निमित्ताने देशाच्या कानाकोपऱ्यातून माणसे आली: विदर्भातून, आंध्रातून, केरळातून, पंजाबातून, बंगालातून. त्यांनी घरी पत्रे लिहिली. पहिल्या पगाराची बातमी, क्वार्टर मिळाल्याचा आनंद, बाळंतपणाची चौकशी, मनिऑर्डर पोहोचली की नाही याची काळजी, हे सर्व पोस्टकार्डांवर आणि २ ऑक्टोबर १९५० पासून मिळू लागलेल्या निळसर अंतर्देशीय पत्रांवर उमटले. त्या पत्रांवरील तिकिटे लक्षावधींनी छापलेली. बाजारात त्यांना किंमत नाही. परंतु शिक्क्यावर ‘भिलाई’ हे नाव आणि एक तारीख असलेले, नागपूर किंवा अमरावतीच्या एखाद्या घरी पोहोचलेले पत्र हे त्या नगराच्या जन्माचे अस्सल साक्षीपत्र आहे. नव्वद टक्के घरांतून अशी पत्रे रद्दीत गेली असतील असे म्हणण्याची घाई करण्याचे कारण नाही. पण ती दरवर्षी कमी होत आहेत, आणि आता नवी लिहिली जात नाहीत, हे उघड आहे. तारेची सेवा २०१३ च्या जुलैमध्ये बंद झाली. हाताने लिहिलेले पत्रही आता टपालवाल्याच्या पिशवीत क्वचित दिसते.

महंत बलरामदासांच्या राज्यातील पत्रे त्या वेळी कोणी जपली नाहीत, म्हणून आज जगातल्या जाणकारांना तिकिटांचे ताव समोर ठेवून तर्क करीत बसावे लागते. खुर्सीपारच्या आणि भिलाईच्या बाबतीत ती पाळी येणे टाळता येण्याजोगे आहे. ट्रंकेच्या तळाशी जुनी पत्रे सापडली, तर तिकीट सोडवून घेण्यासाठी पाण्याची वाटी आणू नये. पाकीट न फाडता, आतले पत्र आतच ठेवून, कोणी कोणाला लिहिले एवढे वेगळ्या कागदावर टिपून ठेवावे. उद्याच्या इतिहासकाराचे अर्धे काम त्याने होऊन जाईल.